चामखीळ गेली, पण कशाने?

जुन्या घरगुती औषधांच्या वह्या कधी चाळल्या असतील तर एक शब्द तुमच्या नजरेला नक्की पडला असेल: 'अनुभविक'. उपाय लिहून झाला की शेवटी हा शेरा. म्हणजे लिहिणाऱ्याने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, करून बघितलंय आणि गुण आलाय. आमच्या घरी पणजोबांची अशी एक वही आहे. वैद्यकाच्या इतिहासावर काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी हा शब्द दिसला की सरळ पुढच्या ओळीवर जायचे. खरी अडचण त्या शब्दातच आहे हे बऱ्याच उशिरा कळलं. इतिहासाच्या अभ्यासकाने या शेऱ्याचं करायचं काय? खरा मानायचा, की भाबडेपणा म्हणून सोडून द्यायचा?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर चामखिळीसारखा दुसरा आजार नाही. हसू नका. कॅन्सर किंवा क्षयावर संशोधन करणाऱ्यांना जे धडे फार महागात शिकावे लागतात, ते इथे फुकट मिळतात. कारण चामखीळ कुणाचा जीव घेत नाही, सगळ्यांना होते, आणि तिच्यावर माणसाने काहीही लावून पाहिलंय.

आपल्याकडचेच उपाय आठवा. घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा. चुना आणि सोडा कालवून टोकावर लावायचा. रुईचा चीक, बिब्ब्याचं तेल. होमिओपॅथीवाल्यांकडे गेलात तर थुजा. यातल्या प्रत्येकाने बरा झालेला माणूस कुठल्याही गावात सापडेल, आणि तो खोटं बोलत नसतो. (बिब्बा आणि चुना-सोड्याने कातडी भाजलेली माणसंही सापडतात. पण ती वहीत येत नाहीत.)

सुरुवात शब्दापासून करू. चामखीळ हा शब्द संस्कृतातल्या 'चर्मकील'वरून आला. चर्म म्हणजे कातडी, कील म्हणजे खिळा. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, मूळव्याधीच्या वर्णनात हा शब्द येतो: व्यान वायू बिघडून कफाला धरतो आणि कातडीच्या बाहेर खिळ्यासारखे, न हलणारे कोंब उभे करतो, ते चर्मकील. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात उपाय सांगितलाय. शस्त्राने कापायचं आणि मग क्षाराने किंवा अग्नीने पूर्ण जाळायचं.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण तो 'क्षार' म्हणजे साधी राख नव्हे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्याची कृती आहे. वनस्पती जाळून राख करायची, पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं, आणि तीव्र क्षार हवा असेल तर त्यात भाजलेले शंख-शिंपले आणि चुनखडी घालायची. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया होऊन कॉस्टिक पोटॅश तयार होतं. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये काढलेल्या हिंदू रसायनाच्या इतिहासात या कृतीची खास दखल घेतली होती. क्षार लावल्यावर शंभर मोजेपर्यंत थांबायचं आणि मग आंबट द्रव्याने तो शांत करायचा, इतकं बारीक सांगितलंय. आता आजीच्या चुना-सोड्याकडे बघा. चुना आणि सोडा ओला करून एकत्र केला की कॉस्टिक सोडा होतो. क्रिया तीच, फक्त पोटॅशियमच्या जागी सोडियम. आणि शंभर मोजणं व आंबटाने धुणं मधल्या वाटेवर कुठेतरी गळून पडलेलं.

हे वाचून 'म्हणजे आपल्याकडे विषाणूजन्य चामखिळीवर दोन हजार वर्षांपूर्वीच औषध होतं' असं लिहायचा मोह होतो. मीही लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं: 'कशावरून तीच?' आज आपण ज्याला चामखीळ म्हणतो त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक विषाणूने होणारी खरखरीत गाठ. दुसरी मानेवर, काखेत लोंबणारा मऊ कातडीचा तुकडा, ज्याला डॉक्टर स्किन टॅग म्हणतात. या दुसरीला विषाणूमुळे आलेली चामखीळ मानत नाहीत, आणि तिला देठ असतो. देठाला केस आवळून बांधला की रक्तपुरवठा तुटतो, ती काळी पडते आणि गळते. म्हणजे घोड्याचा केस खरंच काम करतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच रोगावर! उलट तळपायाला होणाऱ्या विषाणूच्या चामखिळीला आपण सर्रास कुरूप किंवा भोवरी म्हणतो. मग सुश्रुताचा चर्मकील यातला कुठला? खिळ्यासारखा आणि न हलणारा, एवढ्यावरून लोंबणारा तुकडा वगळता येईल कदाचित. त्यापलीकडे जाता येत नाही.

असाच गोंधळ रोममध्येही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये लिहिलेल्या वैद्यकाच्या ग्रंथात अशा गाठींचे प्रकार दिलेत: अॅक्रोकॉर्डन, थायमियन, मिर्मेसिया, आणि शिवाय कुरूप. आजचे त्वचारोगतज्ज्ञ अॅक्रोकॉर्डन हा शब्द स्किन टॅगसाठी वापरतात. पण सेल्सस सांगतो की त्याचा अॅक्रोकॉर्डन जास्त करून लहान मुलांना होतो, आणि स्किन टॅग हा काही मुलांचा रोग नाही. शब्द टिकला, त्याच्या आतला रोग बदलला. जुन्या ग्रंथातलं रोगाचं नाव घेऊन थेट आजच्या पाठ्यपुस्तकात उडी मारायची नाही, हे मला या एका शब्दाने शिकवलं.

सेल्ससकडे मात्र एक वाक्य आहे ज्यासाठी मी त्याला नमस्कार करते. त्याचा आशय असा: पहिले दोन प्रकार पुष्कळदा आपले आपणच संपतात, आणि जितके लहान तितके लवकर, मिर्मेसिया आणि कुरूप उपचारावाचून क्वचितच जातात. काहीही न करता जातात! हे एकदा मान्य केलं की प्रत्येक उपायापुढे प्रश्नचिन्ह लागतं. पण त्यानंतर जवळपास एकोणीसशे वर्षं हा प्रश्न कुणी हिशेबात धरलेला दिसत नाही.

आधी कारण सापडलं. १९०७ मध्ये इटलीत ज्युसेप्पे चुफो याने चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि तो स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. चामखीळ उगवली. म्हणजे जिवाणूपेक्षा लहान काहीतरी कारण आहे. १९४९ मध्ये स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कण दाखवले. आज त्याला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतात आणि त्याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत.

हा विषाणू बारीक खरचटलेल्या जागेतून कातडीच्या तळच्या पेशींत शिरतो आणि पुढे कातडीच्या वरच्या थरातच राहतो. रक्तात उतरत नाही. पेशी फोडून बाहेर पडत नाही, तर झडणाऱ्या मृत पेशींबरोबर निघून जातो. त्यामुळे सूज नाही, ताप नाही, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना महिनोनमहिने पत्ता लागत नाही. ज्या दिवशी लागतो, त्यानंतर थोड्या आठवड्यांत सगळ्या चामखिळी एकदम जाऊ शकतात, ज्यांच्यावर काही लावलं नव्हतं त्याही. आता कल्पना करा, त्याच आठवड्यात तुम्ही एका चामखिळीवर काहीतरी लावायला सुरुवात केली होती. तुम्ही वहीत काय लिहाल?

आज दवाखान्यात मिळणाऱ्या औषधांकडे आता जरा वेगळ्या नजरेने बघता येतं. यातलं जवळपास एकही औषध विषाणूवर थेट मारा करत नाही. नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत हा विषाणू वाढवता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर औषधं चाळून पाहणं फार काळ अवघड राहिलं. म्हणून औषधं तीनच वाटांनी जातात: कातडी सोलायची, पेशींचं विभाजन थांबवायचं, किंवा पहारेकऱ्यांना जागं करायचं.

सोलण्यातलं मुख्य औषध सॅलिसिलिक अॅसिड. विलो झाडाच्या कुळातलं हे रसायन हेर्मान कोल्बेच्या पद्धतीमुळे १८७४ पासून जर्मनीत कारखान्यात बनू लागलं आणि स्वस्त झालं. हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना याने ते कातडी सोलण्यासाठी लोकप्रिय केलं. त्याच शहरातल्या बायर्सडॉर्फ या औषधविक्रेत्याने १८८२ मध्ये औषधी चिकटपट्टीचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेतल्या औषधसूचीत कोलोडियनमध्ये विरघळवलेलं सॅलिसिलिक अॅसिड 'कुरुपाचं कोलोडियन' म्हणून आलं, आणि त्यात भांगेचा अर्क घातलेला असे! भांग चामखिळीचं काय करणार होती कुणास ठाऊक, औषधाला हिरवा रंग मात्र छान येत असावा.

पेशीविभाजन थांबवणाऱ्या औषधाची गोष्ट हिमालयापर्यंत येते. पोडोफायलम या वनस्पतीच्या मुळातला राळेसारखा पदार्थ, पोडोफायलिन, अमेरिकेत जुलाबाचं औषध म्हणून वापरात होता. १९४२ मध्ये आयर्विंग कॅप्लन याने तेलात २५ टक्के पोडोफायलिन घालून जननेंद्रियांवरच्या चामखिळींवर वापरल्याचं न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. चार वर्षांनी किंग आणि सलिव्हन यांनी दाखवलं की ते कोल्चिसिनसारखं पेशींचं विभाजन अडवतं. या वनस्पतीची आपल्याकडची बहीण म्हणजे हिमालयातली बनककडी. तिच्या मुळात अमेरिकन मुळापेक्षा बरीच जास्त राळ निघते. हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लक्षात आलं आणि १९००च्या सुमारास ब्रिटिश औषधसूचीच्या 'भारतीय व वसाहतींच्या' पुरवणीत ती दाखल झाली. पुढे तिच्या मुळांची इतकी खोदाई झाली की आता तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे. हातापायाच्या जाड कातडीत पोडोफायलिन नीट शिरत नाही, ते विषारी आहे आणि गरोदरपणात चालत नाही. म्हणून साध्या चामखिळीत त्याला फारसं स्थान उरलं नाही. याच राळेतल्या रेणूवरून पुढे एटोपोसाइड हे कॅन्सरचं औषध निघालं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता मुद्द्याकडे. १९२७ मध्ये झुरिकचा त्वचारोगतज्ज्ञ ब्रुनो ब्लॉख याने एक निबंध छापला, चामखीळ सूचनेने बरी करण्यावर. पद्धत अशी: रुग्णाचे डोळे बांधायचे, हात एका यंत्रावर ठेवायचा, मोटर सुरू करून भरपूर आवाज करायचा, चामखिळीवर निरुपद्रवी रंग लावायचा आणि ठामपणे सांगायचं, आता ही मेली, जाईपर्यंत हात लावू नकोस. पुष्कळ रुग्ण बरे झाले. ब्लॉख हा काही भोंदू नव्हता. आपल्या काळातला नावाजलेला प्राध्यापक होता, आणि त्याने आकडे दिले होते. १९३१ मध्ये मेमेसहाइमर आणि आयझेनलोर या दोघांनी ते तपासलं. ७० रुग्णांना सूचनेचा उपचार, ७० जणांना काहीच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत उपचारवाले पुढे होते. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा फरक उरला नव्हता.

या छोट्या प्रयोगात बघण्यासारखं खूप आहे. ब्लॉखच्या आकड्यांत चूक नव्हती, चूक होती ती तुलनेला काहीच न ठेवण्यात. शिवाय कधी मोजलं यावर उत्तर बदलतं. महिन्याने थांबले असते तर 'सूचना काम करते' हा निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकात असता.

काहीच न करता किती चामखिळी जातात, याचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा १९६३ चा. मॅसिंग आणि एपस्टाइन यांनी सुमारे १००० मुलांवर दोन वर्षं नजर ठेवली. दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश चामखिळी आपोआप गेल्या. हा आकडा तुम्हाला प्रत्येक परीक्षण-लेखाच्या पहिल्या परिच्छेदात भेटेल. ही मुलं कोण होती, हे मात्र बहुतेक ठिकाणी गाळलेलं असतं. ती मतिमंद मुलांच्या संस्थेत ठेवलेली मुलं होती. त्या काळात अमेरिकेत अशा संस्थांमधली मुलं संशोधकांना सोयीची वाटत, कारण ती कुठे जात नाहीत आणि विचारायला येणारं कुणी नसतं. चामखिळीकडे नुसतं बघत राहण्यात त्यांना मोठी इजा झाली असं नाही. तरी हा आकडा उद्धृत करताना मी आता ते एक वाक्य जोडते. शिवाय संस्थेत दाटीने राहणाऱ्या मुलांचा आकडा चाळिशीतल्या माणसाच्या तळपायाला लागू होतो का, हा प्रश्नही त्याच वाक्यातून निघतो.

यानंतर तरी सगळे शहाणे झाले असतील असं वाटतं ना? सिमेटिडीन बघा. हे आम्लपित्ताचं औषध प्रतिकारशक्ती जागी करतं अशी कल्पना निघाली. १९९३ मध्ये मुलांवरच्या एका खुल्या अभ्यासात ८० टक्क्यांच्या आसपास यश दिसलं. तुलनेचा गट नव्हता. १९९६ मध्ये यिल्माझ आणि सहकाऱ्यांनी प्लासिबोशी तुलना केली, कुणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही माहीत नाही अशा पद्धतीने. सिमेटिडीन ३२ टक्के, प्लासिबो जवळपास ३१ टक्के. थुजाचंही तेच. कॅनडात १९९२ मध्ये पायाच्या चामखिळींवर थुजासह तीन होमिओपॅथिक औषधांची चाचणी झाली. १८ आठवड्यांनी औषधाच्या गटात २० टक्के बरे झाले, प्लासिबोच्या गटात २४.४ टक्के.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट चिकटपट्टीची. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डक्ट टेप आणि द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं यांची तुलना छापली. टेपच्या गटात २६ पैकी २२ बरे, म्हणजे ८५ टक्के. गोठवण्याच्या गटात २५ पैकी १५, म्हणजे ६० टक्के. जगभर बातम्या झाल्या. स्वस्त, न दुखणारा, घरातला उपाय, कुणाला नको? मग लोकांनी निबंध नीट वाचला. प्लासिबो गट नव्हता. टेपच्या गटातल्या बऱ्याच जणांची तपासणी डोळ्यांनी न होता फोनवर झाली होती. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर टेप आणि कुरुपाची साधी गादी यांची तुलना झाली: १६ टक्के आणि ६ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २००७ मध्ये अमेरिकेतच प्रौढांवर: २१ आणि २२ टक्के. मात्र या शेवटच्या चाचणीत पारदर्शक टेप वापरली होती, तिच्यात मूळ टेपमधलं रबर नव्हतं. म्हणजे वाद मिटला असंही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना आपापली पळवाट आहे.

मग काहीच काम करत नाही का? करतं. २००२ मध्ये गिब्ज आणि सहकाऱ्यांनी सहा प्लासिबो-चाचण्या एकत्र केल्या. सॅलिसिलिक अॅसिडने ७५ टक्के बरे, प्लासिबोने ४८ टक्के. उना चुकला नव्हता. पण पुन्हा त्या ४८ कडे बघा. आणि मग २०१० ची डच चाचणी बघा, जिच्यात 'थांबा आणि बघा' हा तिसरा गट मुद्दाम ठेवला होता. १३ आठवड्यांनी हातासारख्या ठिकाणच्या साध्या चामखिळी गोठवण्याने ४९ टक्क्यांत गेल्या, सॅलिसिलिक अॅसिडने १५, नुसतं थांबून ८. तळपायाच्या बाबतीत तेच आकडे ३०, ३३ आणि २३. म्हणजे हाताला गोठवणं स्पष्ट सरस आणि पायाला तिघांत ठळक फरक नाही. सेल्ससनेही प्रकारागणिक फरक सांगितला होता, नाही का?

आपल्याकडे सध्या तिसऱ्या वाटेवर बरंच काम चाललंय. कुष्ठरोगासाठी दिल्लीत तलवारांच्या गटाने विकसित केलेली एमडब्ल्यू ही लस थेट चामखिळीत टोचणं, एमएमआर लस टोचणं, रुग्णाच्याच चामखिळीचा तुकडा त्याच्या कातडीखाली बसवणं. कल्पना सुंदर आहे, कारण ती विषाणूच्या लपाछपीवरच बोट ठेवते. यातले निबंध वाचायला घेतलेत तर सारांशातला यशाचा टक्का शेवटी वाचा. आधी तुलना कुणाशी, वय काय, हात की पाय, मोजलं कधी, आणि मोजणाऱ्याला कुणाला काय दिलंय हे ठाऊक होतं का, एवढं बघा. नुसतं सलाईन टोचलेल्या गटातही काही जण बरे होतात.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पणजोबांची वही पुन्हा काढली. चामखिळीवर त्यात चार उपाय आहेत. आधी मी ते एका यादीसारखे उतरवून घेतले होते. या वेळी शाई बघितली. चारही वेगवेगळ्या शाईत आहेत, म्हणजे बहुधा वेगवेगळ्या वेळी लिहिलेत. पहिल्यापुढे 'अनुभविक'. दुसऱ्यापुढे 'अनुभविक'. तिसऱ्यापुढे 'अनुभविक', आणि खाली रेघ. चौथा चुना-सोड्याचा, त्याच्यापुढे शेरा नाही. पहिला लागू पडला होता तर दुसरा का लिहावा लागला, हे त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही.